थोरांची घरे : दर्शन आणि अभ्यास

सहा डिसेंबरला सोलापुरातून मुंबईस जाणाऱ्या उपासक-उपासिकांना चैत्यभूमीचे दर्शन झाल्यावर दुसरी ओढ असते ती दादर पूर्वेच्या हिंदू कॉलनीतील 'राजगृहा'ची. तेथेही रांग असते. आपण उभे राहतो, पुढे सरकतो, दोन खोल्यांतून फिरतो, हात जोडतो आणि रस्त्यावर येतो. मागचा माणूस आपल्या जागी आलेला असतो, म्हणून थांबता येत नाही.

आमच्या अभ्यासवर्गाची काही मुले एका वर्षी आमच्याबरोबर होती. परतीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसमध्ये आम्ही त्यांना कागद दिले आणि राजगृहात काय पाहिले ते लिहावयास सांगितले. बहुतेकांनी 'मन भरून आले', 'धन्य झालो', 'अंगावर काटा आला' असे लिहिले. ते खोटे नव्हते. परंतु काय पाहिले याचे उत्तर त्यात नव्हते. फक्त अकरावीच्या एका मुलीने दोन ओळी लिहिल्या. पहिली, खोल्या मला वाटल्या होत्या त्यापेक्षा लहान आहेत. दुसरी, मग एवढी पुस्तके कोठे ठेवली होती?

त्या दोन ओळींमुळे हा लेख लिहावयास घेतला आहे. थोर माणूस ज्या घरात राहिला ते घर राखून लोकांना पाहावयास खुले केले म्हणजे त्यास आपण येथे 'घर-संग्रहालय' म्हणू. अशा घरात गेल्यावर माणसाला नेमके काय मिळते? जे पुस्तकात मिळत नाही, छायाचित्रात मिळत नाही, असे काही असते काय? आणि असेल तर ते आपल्या मुलांच्या हाती लागावे म्हणून काय करावे? आपल्या समाजात या जागांना जाणारे लाखो आहेत, पण या प्रश्नाचा विचार फारसा झालेला नाही. म्हणून ही अल्पशी मांडणी.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करतो. नव्या शिकलेल्या तरुणांपैकी काही जण उंबऱ्याला हात लावणाऱ्या म्हाताऱ्या आईला हसतात. 'हे देऊळ केले आहे तुम्ही', असे म्हणतात. उलट जुनी मंडळी प्रश्न विचारणाऱ्या मुलाकडे संशयाने पाहतात. आम्हांला ही दोन्ही वागणी अपुरी वाटतात. या विषयावर खुद्द बौद्ध परंपरेतच एक जुनी आणि फार उपयोगी कथा आहे.

गंधकुटीच्या दारातील फुले

श्रावस्तीचा व्यापारी सुदत्त म्हणजेच अनाथपिंडिक याने जेतवन विकत घेऊन भिक्खुसंघाला दान दिले, हे आपणांस ठाऊक आहे. तेथे भगवंतांची राहण्याची जी खोली होती तिला गंधकुटी म्हणत. कालिंगबोधि जातकाच्या आरंभी असे सांगितले आहे की, भगवंत चारिकेला बाहेरगावी गेले असता श्रावस्तीचे लोक हार-फुले घेऊन जेतवनात येत. भगवंत नाहीत असे पाहून फुले कोठे ठेवावीत हे त्यांना कळेना. तेव्हा ते गंधकुटीच्या दारात फुले ठेवून निघून जात.

हे चित्र क्षणभर डोळ्यांसमोर आणा. माणूस घरी नाही. दार आहे, खोली आहे, आत त्याच्या रोजच्या वापरातल्या वस्तू असतील. येणारा फुले घेऊन आलेला आहे आणि त्याला फुले द्यायला कोणी नाही. राजगृहाच्या रांगेतील माणूस आणि श्रावस्तीचा तो उपासक यांच्यात अडीच हजार वर्षांचे अंतर आहे, पण अडचण एकच आहे.

अनाथपिंडिकाने ही गोष्ट आनंदाला सांगितली आणि आनंदाने भगवंतांना विचारले की, चैत्ये किती प्रकारची असतात? उत्तर मिळाले, तीन. शारीरिक, म्हणजे देहाचे अवशेष. पारिभोगिक, म्हणजे त्या व्यक्तीने वापरलेले, उपभोगलेले. आणि उद्देशिक, म्हणजे त्या व्यक्तीला उद्देशून, तिच्या आठवणीसाठी घडविलेले. यांतले शारीरिक चैत्य जिवंतपणी संभवत नाही. उद्देशिकाला स्वतःचा असा आधार नाही, ते पाहणाऱ्याच्या मनावर अवलंबून आहे. पण ज्या बोधिवृक्षाचा बुद्धांनी उपयोग केला तो वृक्ष त्यांच्या हयातीतही आणि पश्चातही चैत्यच आहे. त्यावरून बोधिवृक्षाचे फळ आणून त्याचे रोप जेतवनात लावले गेले, अशी ती कथा आहे.

ही विभागणी आम्हांला आजही लागू पडते असे वाटते. आपल्या सोलापूरच्या मिलिंदनगरातील प्रेरणाभूमीत बाबासाहेबांच्या अस्थी आहेत, ते शारीरिक चैत्य. प्रत्येक वस्तीच्या चौकात पुतळा आहे, तो उद्देशिक. आणि राजगृह हे पारिभोगिक. तिन्हींपुढे आपण हात जोडतो, पण तिन्हींकडून मिळणारे ज्ञान सारखे नाही. पुतळा आपल्याला काय सांगणार? तो शिल्पकाराने आपल्या मनातला घडविलेला असतो. अस्थींसमोर आपण नम्र होतो आणि तेवढे पुरे असते. पण वापरलेली जागा बोलते. तिला लांबी-रुंदी आहे, जिना आहे, खिडकी आहे. ती आपल्या कल्पनेला दुरुस्त करते. त्या मुलीने लिहिलेली पहिली ओळ ही अशी दुरुस्ती होती.

पुढे पाचव्या शतकाच्या आरंभी चिनी भिक्खू फाहियान जेतवनात आला. इ. स. ३९९ साली तो चीनहून निघाला होता. सोबत्यांपैकी कोणी परत फिरले होते, कोणी वाटेत मरण पावले होते. जेतवनात पोहोचल्यावर त्याला आणि त्याचा सोबती ताओचिंग याला आनंदापेक्षा दुःखच अधिक झाले. येथे भगवंतांनी पंचवीस वर्षे काढली, आपण मात्र दूरच्या सीमेवरच्या देशात जन्मलो, आणि आता पाहतो तो जागा रिकामी, असा तो विचार होता. इतक्या लांबून आलेल्या माणसाला रिकामी जागा भेटली आणि ते त्याने लपविले नाही, हे त्याच्या वृत्तान्ताचे मोल आहे. आज उत्तर प्रदेशात सहेत-महेत येथे गेल्यास गंधकुटीच्या विटांचा बुटका पाया तेवढा दिसतो. देशोदेशींचे उपासक त्यावर अजूनही फुले ठेवतात.

राजगृह : वरचा मजला आणि खालचा मजला

आता त्या मुलीच्या दुसऱ्या ओळीकडे वळू.

बाबासाहेबांनी हिंदू कॉलनीत जागा घेऊन १९३१ च्या सुमारास बांधकाम सुरू केले आणि १९३३ मध्ये घर पुरे झाले. मगधाची जुनी राजधानी राजगृह, जेथे बिंबिसाराने संघाला वेळुवन दिले आणि जेथे पहिली धम्मसंगीती झाली, तिचे नाव या घराला दिले. धर्मांतराची येवल्याची घोषणा १३ ऑक्टोबर १९३५ ची. म्हणजे नाव घोषणेच्या आधीचे आहे, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे. घरांच्या नावांवरून माणसाच्या मनाचा कल कळतो.

हे घर मुख्यतः ग्रंथांसाठी बांधले गेले. कर्ज काढून बांधले गेले. खालच्या मजल्यावर कुटुंबाच्या खोल्या आणि वरच्या मजल्यावर ग्रंथालय व कार्यालय अशी योजना होती. ग्रंथसंग्रह पुढे पन्नास हजारांवर गेला असे सांगतात. याच सुमारास बाबासाहेबांनी त्याच वसाहतीत 'चार मिनार' नावाची दुसरी इमारतही बांधली होती. ती १९४१ मध्ये विकली. राजगृह मात्र विकले नाही.

आज तळमजल्यावरील दोन खोल्या संग्रहालय म्हणून खुल्या आहेत. तेथे बाबासाहेबांच्या वापरातील वस्तू, छायाचित्रे आणि अस्थिकलश आहे. वरच्या भागात आंबेडकर कुटुंबीय राहतात. ग्रंथांचा मोठा भाग बाबासाहेबांच्या हयातीतच पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या १९४६ साली निघालेल्या सिद्धार्थ महाविद्यालयाकडे गेला. तेव्हा त्या मुलीचा प्रश्न रास्त होता. आपण जी जागा पाहतो ती कुटुंबाच्या मजल्याची. ज्यासाठी घर बांधले तो मजला वर आहे, आणि ज्या ग्रंथांसाठी तो मजला बांधला ते ग्रंथ विद्यार्थ्यांकडे गेले आहेत.

हे कळल्यावर राजगृहाची भेट कमी मोलाची होते काय? आमचा अनुभव उलट आहे. पुढच्या भेटीला आम्ही डिसेंबर टाळला आणि साध्या कामाच्या दिवशी मोजकीच मुले नेली. आधी त्यांना ही माहिती दिली. मग तीच मुले आत गेल्यावर छताकडे पाहू लागली! वर जाता येत नव्हते, पण वर काय होते हे त्यांना ठाऊक होते. बाहेर येऊन त्यांनी समोरच्या फुटपाथवरून वरच्या खिडक्या पाहिल्या, मोजल्या, आणि कोणत्या खिडकीत दिवा उशिरापर्यंत जळत असेल यावर वाद घातला. वाद निकालात निघाला नाही. पण हा वाद घालणारा विद्यार्थी घरात शिरला आहे असे आम्ही समजतो. नुसता रांगेतून गेलेला शिरलेला नसतो.

आणखी एक गोष्ट आम्ही या खालच्या मजल्यावर मुलांना सांगतो. माता रमाई या घरात राहिल्या, पण किती दिवस? २७ मे १९३५ रोजी त्यांचे येथेच निधन झाले. लग्नानंतरचा जवळजवळ सारा काळ त्यांनी परळच्या चाळीत काढला होता. स्वतःचे घर मिळाले ते शेवटच्या वर्ष-दोन वर्षांपुरते. रमाईंवर आपल्या भगिनी खूप गाणी म्हणतात, पण राजगृहाच्या खोलीत उभे राहून हा हिशेब केला की गाण्यातली रमाई माणूस होते. त्या वेळी आमच्याबरोबरच्या भगिनींपैकी एकीने विचारले, 'मग स्वयंपाकघर कोणते?' हा प्रश्न आजवर आमच्यापैकी एकाही पुरुषाने विचारलेला नव्हता.

१९५६ च्या ६ डिसेंबरला दिल्लीत महापरिनिर्वाण झाले. पार्थिव मुंबईस आणल्यावर याच घरी ठेवले होते आणि ७ तारखेची अंत्ययात्रा येथूनच निघाली. ७ जुलै २०२० रोजी अज्ञात इसमांनी राजगृहाच्या आवारात शिरून कुंड्या व काचा फोडल्या तेव्हा महाराष्ट्रभर लोकांना आपल्याच घराची काच फुटल्यासारखे वाटले. ज्यांनी राजगृह कधी पाहिलेही नव्हते त्यांनाही वाटले. अशा घराला नुसते संग्रहालय म्हणून चालत नाही हे खरे. तथापि ते राहते घर आहे, शांत वस्तीत आहे, आणि वर माणसे राहतात, हेही तितकेच खरे. दारात मोठ्याने घोषणा देणाऱ्यांनी याचा विचार करावा.

परळची चाळ

राजगृह पाहणाऱ्याने परळची चाळ पाहिल्याशिवाय परत येऊ नये, असे आमचे आग्रहाचे मत आहे. दामोदर हॉलजवळच्या बी. आय. टी. चाळीत, क्रमांक एकच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर ५० आणि ५१ क्रमांकाच्या खोल्यांत बाबासाहेबांचे कुटुंब वीस-बावीस वर्षे राहिले. चाळीत गाजावाजा नाही. माणसे राहतात, जिन्यावर ये-जा चालते, दोरीवर कपडे वाळत असतात. कित्येकांना येथे पाहण्यासारखे काही वाटत नाही.

आम्हांला मात्र येथे जिना चढताना जे कळते ते दुसरीकडे कळत नाही. कोल्हापूरचे शाहू महाराज बाबासाहेबांना भेटावयास या परळच्या चाळीत स्वतः आले होते. छत्रपतींच्या गादीवरचा राजा हा जिना चढून आला, हे वाक्य वर्गात सांगितले तर मुले मान डोलावतात. जिन्यावर उभे राहून सांगितले तर ती खाली पाहतात, वर पाहतात, आणि थोडा वेळ काही बोलत नाहीत. त्याच भेटीच्या काळात, ३१ जानेवारी १९२० रोजी, महाराजांच्या साहाय्याने 'मूकनायक' निघाले.

आणि दुसरी गोष्ट. बाबासाहेब व रमाई यांची पाच अपत्ये. त्यांतली चार, गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न, लहानपणीच गेली. यशवंतराव तेवढे राहिले. चाळीच्या त्या वर्षांत त्या आईबापांवर हे एकामागून एक दुःख कोसळत गेले. त्याच वर्षांत मूकनायक, बहिष्कृत भारत, महाड आणि गोलमेज परिषद. दोन खोल्यांत हे सारे कसे मावले? पुस्तकात ही प्रकरणे वेगवेगळी असतात, एक संपल्यावर दुसरे येते. खोलीत प्रकरणे नसतात.

पाणी उंबऱ्याच्या आत

पुण्याच्या गंज पेठेतील फुले वाड्याबद्दल थोडक्यात लिहितो, कारण तो सोलापूरकरांना येता-जाता सोयीचा आहे. १८६८ साली जोतीराव फुल्यांनी आपल्या घरातील पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. परीक्षेत हे एका गुणाचे वाक्य असते. वाड्याच्या अंगणात उभे राहिल्यावर मात्र लक्षात येते की पाणी रस्त्यावर नव्हते, घराच्या आत होते. पाणी भरावयास येणारा माणूस जोतीराव-सावित्रीबाईंच्या दारातून आत येणार आणि त्यांच्या डोळ्यांदेखत परत जाणार. सार्वजनिक तळे खुले करा असा ठराव करणे आणि आपल्या अंगणातून वाट देणे यांतील फरक त्या अंगणात पावलांनी मोजता येतो. महाडचा सत्याग्रह २० मार्च १९२७ चा, म्हणजे त्यानंतर एकोणसाठ वर्षांनी. आमच्या मुलांनी खरोखर पावले मोजली. आकडा येथे देत नाही, प्रत्येकाने स्वतः मोजावा.

खरे काय आणि मागाहून ठेवलेले काय

आता एक नाजूक विषय. घर पाहणाऱ्याचा विश्वास हे घराचे सर्वांत मोठे भांडवल असते. 'ही त्यांची खुर्ची' असे सांगितले की आपण त्या खुर्चीकडे वेगळ्या नजरेने पाहतो. ती खुर्ची त्यांची नसेल तर? एका ठिकाणी, नाव घेत नाही, मार्गदर्शकाने आम्हांला एका थोर पुरुषाची म्हणून खुर्ची दाखविली. आमच्यातला एक सुतारकाम करणारा उपासक खाली वाकला आणि उठताना हळूच म्हणाला, 'दादा, हा प्लायवूड आहे, आणि स्क्रूपण अलीकडचे.' कोणी काही बोलले नाही. पण त्यानंतर त्या घरातील एकाही वस्तूवर कोणाचा विश्वास राहिला नाही, खऱ्या वस्तूंवरसुद्धा नाही. 'त्या काळातील नमुन्याप्रमाणे केलेली' अशी एक ओळ लिहिली असती तर ते टळले असते.

बाबासाहेबांच्या बाबतीत ही चौकशी विशेष जरूर आहे, कारण त्यांच्या जागा आणि वस्तू यांची फारकत झालेली आहे. मंत्रिपदाचा राजीनामा दिल्यावर ते १९५१ पासून दिल्लीत २६, अलिपूर रोड येथे राहिले. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे अखेरचे काम तेथे झाले आणि तेथेच त्यांनी देह ठेवला. त्या जागी १३ एप्रिल २०१८ रोजी राष्ट्रीय स्मारकाचे उद्घाटन झाले. ती नवी इमारत आहे, तिचा आकार राज्यघटनेच्या ग्रंथासारखा आहे. भव्य आहे, माहिती पुष्कळ आहे. पण ते घर नव्हे. जातकाच्या भाषेत जमीन पारिभोगिक आणि इमारत उद्देशिक! उलट दिल्लीच्या घरातील पुष्कळ वस्तू माईसाहेबांनी पुण्याच्या सिंबायोसिस संस्थेच्या स्वाधीन केल्या आणि १९९६ मध्ये सेनापती बापट मार्गावर त्यांचे संग्रहालय झाले. तेथे वस्तू अस्सल आहेत, पण घर त्यांचे नाही. नागपूरजवळच्या चिचोलीच्या शांतिवनातही त्यांचे कपडे व इतर वस्तू जतन केल्या आहेत. जागा एकीकडे, वस्तू दुसरीकडे. पाहणाऱ्यानेच मनात त्यांची सांगड घालावी लागते, आणि त्यासाठी आधी अभ्यास लागतो.

लंडनचे उदाहरण आणखी निराळे. किंग हेन्रीज रोडवरील १० क्रमांकाच्या घरात बाबासाहेब १९२१-२२ मध्ये विद्यार्थी म्हणून राहिले. भाड्याची जागा, मोजके खाणे आणि दिवसभर ग्रंथालय. ते घर महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये विकत घेतले आणि १४ नोव्हेंबर २०१५ रोजी त्याचे उद्घाटन झाले. विद्यार्थी म्हणून राहिलेल्या भाडेकरूचे सामान शंभर वर्षे कोण सांभाळणार? म्हणून खोली नव्याने मांडलेली आहे. पुढे राहत्या घराचे संग्रहालय करण्याची परवानगी घेतलेली नाही असा प्रश्न कॅम्डेन येथील स्थानिक परिषदेने उपस्थित केला. येणाऱ्या लोकांचा आवाज व गर्दी होते अशी शेजाऱ्यांची तक्रार होती. २०१८ मध्ये परवानगी नाकारली गेली, २०१९ मध्ये सुनावणी झाली आणि मार्च २०२० मध्ये ब्रिटिश सरकारने परवानगी दिली. या प्रकरणात आम्ही अर्थातच घराच्या बाजूचे. पण शेजाऱ्यांची तक्रार वाचताना हिंदू कॉलनीची गल्ली आठवल्याशिवाय राहिली नाही, हे कबूल केले पाहिजे. घर-संग्रहालय वस्तीत असते. पाहुण्याची वागणूक हाही त्या घराच्या इतिहासाचा भाग होतो.

मग रिकामे घर काही सांगू शकत नाही काय? नेदरलँड्समधील ॲमस्टरडॅम शहरातील ॲन फ्रँकच्या घराचे उदाहरण विद्यार्थ्यांनी अवश्य अभ्यासावे. ज्यू असल्यामुळे नाझींपासून लपण्यासाठी ती मुलगी व इतर सात जण एका कार्यालयाच्या मागच्या भागात जुलै १९४२ पासून ऑगस्ट १९४४ पर्यंत राहिले. मग पकडले गेले. आठांपैकी फक्त तिचे वडील ओटो फ्रँक परत आले. अटकेनंतर तेथील सामान उचलून नेलेले होते. १९६० मध्ये घर लोकांना खुले झाले तेव्हा खोल्या पुन्हा सजवू नयेत, रिकाम्याच ठेवाव्यात, अशी ओटो फ्रँक यांची इच्छा होती. ती पाळली गेली. दरवर्षी लाखो लोक तो अरुंद, चढणीचा जिना चढून रिकाम्या खोल्या पाहतात. एका भिंतीवर मुलींची उंची मोजलेल्या पेन्सिलीच्या खुणा आहेत. लपून राहिलेल्या मुली वाढत होत्या, एवढेच त्या खुणा सांगतात. तेथे खोटे फर्निचर मांडले असते तर त्या खुणांकडे कोणाचे लक्ष गेले असते, असे वाटत नाही. खंत हीच की परळच्या खोल्यांचे काही करावयाचे ठरेल तेव्हा आपणही संगमरवर आणि सोनेरी अक्षरेच मागणार काय?

सोलापुरातील घर

इतके दूर हिंडल्यावर आपल्या गावात येऊ. भैय्या चौकाजवळ डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे घर आहे. सोलापूर महानगरपालिकेने ते स्मारक म्हणून राखले असून २०१२ पासून ते लोकांना पाहता येते. आमच्या वर्गात एकदा विचारले, कोणी पाहिले आहे? तीस मुलांत हात वर आले तीन. मुंबईचे राजगृह पाहिलेली मुले मात्र त्याहून पुष्कळ जास्त होती.

द्वारकानाथ यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० चा, सोलापूरचा. मुंबईच्या शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातून ते डॉक्टर झाले. जपानच्या आक्रमणाखाली भरडल्या जाणाऱ्या चीनला काँग्रेसने १९३८ मध्ये पाच डॉक्टरांचे पथक पाठविले, त्यात ते होते. बाकीचे चार परत आले. कोटणीस आले नाहीत. १९४१ मध्ये ते बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले, क्वो छिंगलान या परिचारिकेशी विवाह केला, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, तेथेच मरण पावले. मुलगा अवघ्या काही महिन्यांचा होता. त्याच्या यिनह्वा या नावात भारत आणि चीन ही दोन्ही नावे आहेत. व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये त्यांच्यावर चित्रपट काढला. चीनमध्ये आजही त्यांचे नाव आदराने घेतले जाते.

आमच्या बौद्ध मंडळींना कोणी विचारील की कोटणीसांचा आणि आपला संबंध काय? आम्ही उलट विचारतो, फाहियान चीनहून रिकामी गंधकुटी पाहावयास आला, आणि सोलापूरचा एक मुलगा जखमी शिपायांच्या शुश्रूषेसाठी चीनला गेला, यात करुणेचा रस्ता दोन्ही दिशांनी वाहता होता असे म्हणता येणार नाही काय? चिनी पाहुणे सोलापुरात येऊन या घरात उभे राहतात तेव्हा त्यांच्या मनात बहुधा फाहियानसारखेच काहीतरी होत असेल.

पण या घराचा पाठ वेगळा आहे. राजगृह हे कर्तृत्वाचे घर, परळची चाळ झगड्याची. कोटणीसांचे घर निघण्याचे आहे. येथे त्यांनी काही मोठे केले नाही. येथून ते गेले. म्हणून तेथे वस्तू शोधत बसू नये. दारात उभे राहून बाहेर पाहावे. हीच उन्हे, हाच धुरळा, हीच कापडगिरण्यांची नगरी. येथून मुंबई एका रात्रीची. तेथून चीनला लांबची बोट. सत्तावीस वर्षांचा मुलगा येथून निघाला तेव्हा परत येणार नाही असे कोणालाच वाटले नसणार, कारण निघताना तसे कोणालाच वाटत नाही.

यंदाच्या वर्षावासात आमच्या अभ्यासवर्गाने कोटणीसांचे घर आणि प्रेरणाभूमी एकाच दिवशी पाहावयाचे ठरविले आहे. सकाळी प्रेरणाभूमीत वंदना, नंतर भैय्या चौक. पद्धत साधी आहे. आदल्या रविवारी प्रत्येकाने त्या व्यक्तीच्या आयुष्यातील पाच तारखा पाठ करून यावयाच्या. घरात पहिली दहा मिनिटे मोबाईल पिशवीत ठेवावयाचा. छायाचित्रे नंतर हवी तेवढी काढावीत. ज्यांना हात जोडावयाचे त्यांनी जोडावेत, ज्यांना वंदन करावयाचे नसेल त्यांनी शांत उभे राहावे, कोणी कोणास हसावयाचे नाही. प्रत्येकाने एक माप घ्यावयाचे, म्हणजे खोलीची लांबी, पायऱ्यांची संख्या, खिडकीची दिशा, काहीही. एक वस्तू निवडून ती मूळची आहे की मागाहून ठेवलेली आहे ते तेथील कर्मचाऱ्यांना नम्रपणे विचारावयाचे. आणि घरी जाऊन त्या घरात काय दिसले नाही, ते एका कागदावर लिहून पुढच्या वर्गात आणावयाचे. लहान मुलांना तारखांची सक्ती नाही. त्यांनी फक्त पायऱ्या मोजाव्यात. वर्ग रविवारी सकाळी भरतो, पालकांनीही यावयास हरकत नाही. आजींना रिक्षाची सोय केली जाईल.